दोनशे ग्रॅमचं अपील

सुभेदारांच्या टेबलावर पेपरवेट नव्हता, तराजू होता. दोन पितळी पारड्यांचा, पिठाच्या गिरणीतला. साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला त्यांच्या मेव्हण्याची गिरण होती. ती बंद पडून बरीच वर्षं झाली होती, तरी भिंतीच्या फटींत पीठ होतंच. पंखा लावला की ते हळूहळू कागदांवर उतरायचं. त्या गिरणीत बसून हा माणूस माजी सैनिकांची अपिलं लिहायचा. नोकरीत अपंगत्व आलं, पेन्शन मागितली आणि ‘तुमच्या दुखण्याचा नोकरीशी संबंध नाही’ असा कागद हातात पडला, अशा लोकांची.

अपील तयार झालं की ते एका पारड्यात कागद ठेवायचे, दुसऱ्यात दोनशे ग्रॅमचं वजन. कागदांचं पारडं खाली गेलं की चष्मा कपाळावर सरकवून समोरच्याकडं बघायचे.

“जास्त बोललाय तुमी.”

मग पानं काढायची. पारडी समोरासमोर येईपर्यंत काढायची. चाळीस पानांच्या वर काही जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. “तिकडं वाचायला माणूसच बसलेला असतो,” ते म्हणायचे. “त्यालाबी दुपारी डबा खायचा असतो.” एकदा वाईचे एक निवृत्त हवालदार वकिलानं करून दिलेली फाईल घेऊन आले. ती पारड्यात मावेनाच. सुभेदारांनी ती दोन्ही हातांनी तोलून बघितली आणि आत बायकोला हाक मारली, “आगं, ह्याला गुळाचा काटा लागतोय!”

मला त्यांच्याबद्दल नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. मी लिहिलेलं पहिलं पान त्यांनी जवळजवळ सगळं खोडलं होतं. पण तिथूनच सुरुवात करते.

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. आमचं गाव म्हसवडच्या अलीकडं, माणदेशात. मेंढरं राखणारं घर. आण्णा, म्हणजे माझे वडील, त्यातूनच तोफखान्यात भरती झाले आणि नाईक होऊन घरी आले. आले तेव्हा त्यांना ऐकू येत नव्हतं. अगदीच येत नव्हतं असं नाही, पण समोर उभं राहून ओरडावं लागायचं. ते स्वतःही ओरडूनच बोलायचे. त्यामुळं नवीन माणसाला वाटायचं, ह्या घरात सदा भांडण चाललंय. आजी तर त्यांना हाकच मारत नसे. मेंढरू वळवायला मारतात तसा एक बारीक खडा त्यांच्या पायाजवळ टाकायची. आण्णा वळून बघायचे. सगळ्यांना सवय झाली होती.

हॉस्टेलच्या सवलतीसाठी मला त्यांचं डिस्चार्ज बुक हवं होतं. ते ट्रंकेत शोधताना तळाशी एक लिफाफा सापडला. पत्र इंग्रजीत होतं. फोनवर एकेक शब्द बघत मी ते वाचलं. आण्णांचं बहिरेपण नोकरीमुळं आलेलं नाही आणि नोकरीत वाढलेलंही नाही, असा निकाल होता. मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करा. पाच महिने दहा दिवस होऊन गेले होते.

“आण्णा, हे काय?” मी पत्र त्यांच्या डोळ्यांपुढं धरलं.

“जुनं हाय. ठेव तिथंच.”

मी ठेवलं नाही. वडिलांचं न ऐकण्याची ती माझी पहिलीच वेळ असेल.

हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत मेढ्याची एक मुलगी होती. तिच्या चुलत्यांचं गुडघ्याचं प्रकरण सुभेदारांनी मार्गी लावलं होतं. तिनं मला पत्ता दिला आणि बजावलं, “त्यांना सर म्हणू नको. आणि रिकाम्या हातानं जाऊ नको. घरी जे पिकतं ते पसाभर घेऊन जा.”

मी बाजरी नेली. सुभेदारांनी ती एका डब्यात ओतली. त्यात आधीच ज्वारी, नाचणी, हुलगे, गहू असं सगळं एकत्र होतं. फी म्हणून ते एवढंच घ्यायचे आणि ते मिसळून दळून आणायचे. “आमच्या भाकरीला रंगच न्हाई बघ,” सुभेदारांची बायको, म्हणजे काकी, मला नंतर म्हणाल्या. “कवा काळी, कवा लाल. ह्यांना विचारलं तर म्हणत्यात, सगळ्या पलटणी एका ताटात.”

सुभेदार सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, दाढी रोज केलेली. शर्टाच्या खिशाला तीन पेनं. मी बिचकत बिचकत, रात्रभर बसून लिहिलेला अर्ज पुढं केला. त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “माझे वडील अत्यंत प्रामाणिक असून त्यांनी मातृभूमीसाठी आपले रक्त सांडले...” ते थांबले.

“कुठं सांडलं?”

“म्हणजे... सांडलं नाही.”

“मग खोड. अत्यंत पण खोड. तिकडं अत्यंतला कॉलम न्हाई.”

मी खोडत गेले. शेवटी पानावर आण्णांचं नाव, नंबर आणि गाव राहिलं.

“आता खरं झालं,” ते म्हणाले. “नाव काय तुझं? ऱ्हाऊ दे. कॉलेज म्हणतो. हे बघ कॉलेज, नायकांना घेऊन ये. इंग्रजी माझ्याकडं लागलं. मराठी खरं पाहिजे, ते त्यांच्याकडं.”

सुभेदारांची काम करायची एकच पद्धत होती. माणूस समोर बसला आणि दुखण्याबद्दल बोलायला लागला की ते हात वर करायचे. “दुखणं सांगू नका. दिवस सांगा.” नोकरीतला कुठलाही एक साधा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत. काय खाल्लं, पाणी कुठनं आणलं, बूट कसले होते. लोकांना हे विचित्र वाटायचं. मेढ्याच्या त्या चुलत्यांना तर राग आला होता. गुडघा कसा दुखतो हे ते घोकून आले होते आणि हा माणूस विचारतोय, चहाचं पाणी कुठलं? पण चहाच्या पाण्यावरूनच निघालं, की वरच्या चौकीवर पाणी नव्हतं. खालच्या ओढ्यावरून पाठीवर कॅन बांधून, दिवसातून चार वेळा, हे वर चढवायचे. दोन हिवाळे. हे कुठल्याच कागदावर नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

मी आण्णांना साताऱ्याला आणलं. कसं आणलं ते सांगत नाही. आईची मदत झाली एवढंच. गिरणीत शिरताच आण्णांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि खुर्चीत ताठ बसले.

“दिवस सांगा, नाईक,” सुभेदार त्यांच्या तोंडासमोर वाकून म्हणाले.

“सब ठीक था, साब.”

“उठायचा कवा?”

“टाईमावर, साब.”

“मग?”

“सब ठीक था.”

तासभर हेच चाललं. सुभेदारांनी पत्रासोबत आलेला मेडिकलचा कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आण्णांच्याच तोंडचं वाक्य तिथं टाईप केलेलं होतं: लहानपणापासून कान फुटत होता.

“हे तुमी सांगितलं?”

“व्हय साब.”

“खरं हाय?”

आण्णांनी कागदावरून नजर काढली. मग एकदम मोठ्या आवाजात म्हणाले, “डॉक्टर तरुण होता साब. चांगला होता. त्यानं विचारलं, बचपन से कुछ है क्या? म्या व्हय म्हणलं. तोफेनं केलं असं कसं म्हणू? पलटणीला झेंडा, तशी तोफ आमचं निशाण हाय. दसऱ्याला हळदकुंकू लावतो आमी तिला. तिच्यावर माझी पोरगी शिकली. तिच्यावर आळ घालू?”

 ते पत्र ट्रंकेत का गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

सुभेदारांनी कागद दुमडला. “आज जावा. दिवस आठवला की या.”

चार दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. पुन्हा सब ठीक था. आण्णा बाहेर नळावर पाणी प्यायला गेले तेव्हा मी धीर करून म्हणाले, “आवं, सहाच दिवस राहिलेत. तुम्हीच लिहा ना, तोफेच्या आवाजामुळं म्हणून. ते सही करतील.”

“करतील. आन तिकडचा साहेब काय म्हणंल? हाच माणूस एकदा म्हणतोय लहानपणापासून, एकदा म्हणतोय तोफेमुळं. ह्यातलं खरं कंचं?” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “तुमच्या गावाला यष्टी किती वाजता हाय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि ते म्हसवडच्या गाडीत बसलो. मांडीवर पत्र्याची पेटी, खिशात तीन पेनं. दहिवडी मागं पडली. मग खिडकीतून बाहेर बघतच म्हणाले, “मी फौजेत क्लार्क व्हतो, ठाऊक हाय ना? मेडिकल बोर्डाच्या हापिसात टाईपरायटरवर. नोकरी संपवून घरी जाणारा माणूस आत यायचा. त्याची गाडी संध्याकाळची. मी विचारायचो, कोई तकलीफ? त्यानं तोंड उघडायच्या आत माझं टाईप झालेलं असायचं: नाही. हात लय चालायचा माझा. स्पीडचं बक्षीस हाय घरात.”

मी विचारलं, “म्हणून आता हे करता?”

“छ्या. गिरणीत गार असतंय म्हणून करतो.”

आमच्या वस्तीवर पोचलो तेव्हा आण्णा मेंढरं घेऊन माळावर होते. सुभेदार तसेच तिकडं चालत गेले. दुपारभर ते आण्णांच्या मागं मागं फिरले आणि एकही प्रश्न विचारला नाही. मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट बघितलं. आण्णा सारखी मान वळवत होते. माझे काका मेंढरं राखताना खाली बसून तंबाखू मळतात, घंटीच्या आवाजावर त्यांचं लक्ष असतं. आण्णांना बसता येत नव्हतं. पुढच्या एडक्याच्या शिंगाला त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली होती. गळ्यातली घंटी वाजत होती, पण ती त्यांच्यासाठी नव्हती.

संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घातली आणि सगळे अंगणात बसलो. आई चुलीपाशी होती. आजी पाहुण्याला निरखत होती. सुभेदारांनी पेटीतून तो मेडिकलचा कागद काढला आणि आण्णांना नाही, आजीला विचारलं.

“आई, पोराचा कान लहानपणी फुटायचा म्हणं?”

“कुनाचा?”

“ह्यांचा.”

“कोन म्हनलं?”

“त्यांनीच लिहून दिलंय. डॉक्टराला.”

आजीनं शेजारचा खडा उचलला. रोजच्यासारखा पायाजवळ नाही, नेमका आण्णांच्या पाठीत घातला. आण्णा दचकून वळले.

“आरं ए! कवा फुटला व्हता तुझा कान? एक दिस तरी? तू एवढा व्हतास तवा रानात कोकरू चुकलं की समदी वस्ती तुलाच धाडायची. आवाजावरनं काढायचास. आन डागदराला सांगतोस, माझ्या घरात कान फुटला? मी काय लेकराचा कान न बघनारी आई व्हय रं?”

आण्णांना यातलं काहीच कळलं नव्हतं. ते माझ्याकडं बघू लागले. मग मला ते सगळं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागलं. कॉलेजात हजेरी देतानाही माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही. त्या संध्याकाळी मी माझ्या वडिलांना, आजीच्या शब्दांत, ‘आरं ए’पासून सगळं ओरडून ऐकवलं. शेजारच्या घरातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली.

सुभेदार पुढं झाले. आण्णांना ओठ दिसतील असं बसले आणि सावकाश म्हणाले, “तोफेला नाव ठेवायचं न्हाई, बरोबर हाय. पण मग तुमी आईला नाव ठेवलं, नाईक. कुणाला तरी ठेवावंच लागलं.”

आण्णांनी आजीकडं बघितलं. ती तोंड फिरवून बसली होती.  आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“चारला उठायचो,” आण्णा म्हणाले.

सुभेदारांनी पेन काढलं.

आण्णा वाळवंटातल्या एका दिवसाबद्दल बोलत होते. चहात वाळू यायची. पुरीत वाळू यायची. सूर्य उगवायच्या आत तोफ जागेवर लावायची. फायरिंग सुरू व्हायच्या आधी कानात घालायला कापूस मिळायचा. “पर कापूस घातला की हुकूम ऐकू येत न्हाई, साब. हुकूम पयला माझ्याकडं यायचा, मी पुढं वरडून सांगायचो. माझ्या हातनं आकडा चुकला तर गोळा कुठं पडंल? माणसं असायची म्होरं. म्हणून मी काढायचो. खिशात ठेवायचो.”

“रोज?”

“फायरिंग आसंल तवा. बाकीच्यांनी घातलेला असायचा. मी न्हाई. संध्याकाळी वर्दी झटकली की खिशातनं कापूस पडायचा.”

सुभेदारांचं पेन थांबलं. “कसा पडायचा?”

“तसाच. पांढराधोट.”

“मग?”

“मग जेवायचं. झोपायचं. कानात शिट्टी वाजायची. मला वाटायचं, समद्यांच्याच वाजत आसंल.” त्यांनी मान वर केली. “तोफेनं रागानं न्हाई केलं, साब.”

“ते पण लिहू?”

“लिवा.”

सुभेदारांनी खरंच लिहिलं.

रात्री ते आमच्याकडंच राहिले. सकाळी आजीनं जबाब दिला, त्यावर अंगठा केला आणि अंगठा लुगड्याला पुसत म्हणाली, “आता बरूबर लिवलंय न्हवं? न्हाईतर खडा हाय हितं.”

साताऱ्याला आल्यावर दोन दिवस टायपिंग चाललं. आण्णांच्या ट्रंकेतला भरतीच्या वेळचा मेडिकल कागद सुभेदारांनी सगळ्यांत वर लावला. त्यात दोन्ही कान निर्दोष असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मग आण्णांचा दिवस, दीड पान. आजीचा जबाब, अर्धं पान. सोबतचे दाखले. आणि शेवटी स्वतः सुभेदारांनी लिहिलेला युक्तिवाद, नियमांचे आकडे घालून, अकरा पानं. ते त्यांचं सगळ्यात आवडतं काम असावं. टाईप करताना ते अधूनमधून स्वतःलाच ‘वा’ म्हणत होते.

पारड्यात ठेवलं. पारडं दाणकन खाली.

मी आजीच्या जबाबाकडं हात नेला. मला वाटलं, अंगठ्याच्या कागदाला तिकडं कोण विचारणार.

“हात काढ, कॉलेज.”

त्यांनी आपली अकरा पानं काढली. एकदा चाळली. त्यातलं एक पान, नियमाचं, परत आत घातलं आणि दहा टेबलाच्या खणात टाकली. पारडी हलली, हलली आणि समोरासमोर आली.

“इंग्रजी चांगलं जमलं व्हतं,” ते म्हणाले आणि आत जाऊन भाकरी मागितली. त्या दिवशी ती काळसर होती. बाजरी आमची असावी.

मुदतीला दोन दिवस असताना अपील रजिस्टर पोस्टानं गेलं. मग वर्षापेक्षा जास्त काळ काहीच आलं नाही. मी अधूनमधून गिरणीत जायचे. सुभेदार मला दुसऱ्यांचे दिवस लिहून घ्यायला बसवायचे. मी विचारलेल्या प्रश्नाला कुणी ‘सब ठीक’ म्हटलं की मला आता घाई होत नसे. पुढं काकींना वरच्या खोलीचा जिना चढवेना. त्यांची मुलगी आष्ट्याला दिलेली. ते दोघं तिकडं राहायला गेले. जाताना सुभेदारांनी तराजू पोत्यात गुंडाळून बरोबर नेला. मेव्हण्यानं विचारलं, तिकडं कशाला? तर म्हणाले, “आष्ट्यात काय फौजी न्हाईत?”

निकाल आला तेव्हा मी सुट्टीत घरी होते. एकच पान. अपील मान्य. आण्णांचं बहिरेपण सैनिकी सेवेमुळंच आलं, असं त्यात लिहिलं होतं. मी ते मराठी करून आण्णांना सांगितलं, म्हणजे ओरडून सांगितलं, म्हणजे वस्तीतल्या प्रत्येकाला एकाच वेळी कळलं. काका धावत आले. आण्णांनी कागद हातात घेतला, मागंपुढं करून बघितला आणि विचारलं, “तोफेबद्दल काय वाईट न्हाई ना लिवलं?”

“नाही आण्णा.”

“मग बरं झालं.”

पुढच्या महिन्यात त्यांना कानाचं यंत्र मिळालं. आणि मग आम्ही आष्ट्याला गेलो. मी, आण्णा आणि पिशवीत पसाभर बाजरी.

जावयाच्या घराच्या ओसरीत सुभेदार बसले होते. शेजारी हळदीची पोती रचलेली. टेबलावर तराजू होताच, त्याच्या पारड्यांना आता पिवळी झाक आली होती. ते थोडे वाकले होते. पण खिशाला तीन पेनं होती आणि समोर एक माणूस बसला होता, आपल्या बुटांबद्दल काहीतरी सांगत. तो माणूस उठून जाईपर्यंत आम्ही पायरीवर थांबलो.

आण्णांनी सॅल्यूट केला. सुभेदारांनी निकालाचा कागद दोनदा वाचला. शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. कागद रिकाम्या पारड्यात ठेवला, दुसऱ्यात दोनशे ग्रॅमचं वजन होतंच. पारडं हललंसुद्धा नाही.

“बघा,” ते म्हणाले, “ह्यांना जमतंय, एका पानात.”

काकी हसत चहा घेऊन आल्या. आण्णांनी कप घेतला आणि एकदम ताठ बसले, कारण सुभेदार खुर्ची ओढून त्यांच्यासमोर येत होते. यंत्राकडं त्यांनी बघितलं, पण आवाज कमी केला नाही, सवय असावी.

“दिवस सांगा, नाईक.”

“कंचा साब?”

“आजचा.”

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मला वाटलं, आता येतंय सब ठीक.

“चारलाच उठलो,” आण्णा हळू आवाजात म्हणाले. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “अंधार व्हता. गाडी सहाची. वाघरीकडं गेलो, मेंढरांला बघितलं. पाठमोरा व्हतो.”

“मग?”

“मग आईनं हाक मारली.”

 पेनासाठी खिशाकडं गेलेला सुभेदारांचा हात तसाच राहिला.

“खडा न्हाई टाकला?”

“टाकला न्हाई. हाक मारली. च्या झालाय म्हणली.”

“मग?”

“मग काय,” आण्णा म्हणाले. “व्हय म्हणलं, आलो.”